नियम आवाज न करता शिळे होतात: नॉलेज बेस पहिल्यांदाच गळ्यात पडलेल्यांसाठी

कुणीतरी तुमच्याकडे एक चालू सिस्टिम सोपवली आहे. आत काही शे नियम आहेत, सोबत दोन-चार तक्ते आहेत (हा झाला नॉलेज बेस), आलेल्या माहितीला ते नियम लावून उत्तर काढणारं एक रूल इंजिन आहे आणि हे ज्याने उभं केलं तो माणूस दुसरीकडे निघून गेला आहे. सिस्टिम रोज उत्तरं देते. कुठे एरर नाही, सर्व्हर ठणठणीत. तुम्हाला एवढंच सांगितलंय, "फक्त अपडेट ठेव." हा लेख त्या ‘फक्त’बद्दल आहे.

नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघडलं की निदान बोंब तरी होते. स्क्रीन गोठते, लॉग लाल होतो, कुणाचा तरी फोन येतो. ज्ञानावर चालणाऱ्या सिस्टिममध्ये तसं होत नाही. तीन वर्षांपूर्वी खरा असलेला नियम आज खरा नाही, हे इंजिनला कळायला काही मार्गच नसतो. ते त्याच ठामपणे तेच उत्तर देत राहतं.

मी हे काम पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाचा एक नियम अजून तोंडपाठ आहे. पाण्याच्या पंपांमधले बिघाड ओळखणारी सिस्टिम होती.

नियम 47
जर मोटर चालू असेल
आणि पंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा दाब 2 बारपेक्षा कमी असेल
तर निदान: पाणी आत घेणाऱ्या बाजूची गाळणी तुंबली आहे. उघडून साफ करा.

लिहिला गेला तेव्हा नियम बिनचूक होता. पुढे काही पंप बदलले. नव्या पंपांचा नेहमीचा दाबच 1.8 बार. त्यामुळे नियम 47 रोज सकाळी इमानेइतबारे सांगायचा, गाळणी तुंबली. फिटर लोकांनी सुरुवातीला गाळणी उघडून बघितली. स्वच्छ. दुसऱ्या दिवशी, स्वच्छ. मग त्यांनी बघणंच सोडलं. काही महिन्यांनी एकदा ती खरोखर तुंबली. सिस्टिमने तेव्हाही तेच सांगितलं, पण ऐकायला कोणी उरलं नव्हतं. पंप कोरडा चालला आणि सील जळालं. चौकशीत लॉग काढला, तर सूचना वेळेवर दिल्याची नोंद होती. म्हणजे कागदोपत्री सिस्टिम निर्दोष.

शिळा नियम चुकीचं उत्तर देतो हे नुकसान त्यामानाने लहान. तो शेजारच्या चांगल्या नियमांचीही पत घालवतो, आणि ती परत मिळवायला फार वेळ जातो.

## आधी कामाचा आवाका समजून घ्या

देखभाल म्हणजे वर्षाकाठी चार-दोन दुरुस्त्या, असं वाटत असेल तर एक्सकॉन या नियमांवर चालणाऱ्या सिस्टिमची गोष्ट ऐका. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जॉन मॅकडरमॉट यांनी 1978 साली हे काम सुरू केलं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी व्हॅक्स संगणक विकायची. ग्राहकाच्या मागणीप्रमाणे कुठला भाग कुठल्या कपाटात बसेल, कुठली केबल लागेल, हे ठरवणारी ही सिस्टिम 1980 मध्ये प्रत्यक्ष कामाला लागली. सुरुवातीला साधारण 750 नियम होते. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात ते 6,000च्या वर गेले, आणि तिच्या देखभालीवर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं की वर्षभरात त्यातले जवळपास निम्मे नियम बदलत होते.

निम्मे! यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. कंपनी नवे भाग बाजारात आणत होती, जुने बंद करत होती, आणि प्रत्येक वेळी नियमांना हात लावावा लागत होता. शेवटी नियम लिहिण्याची शिस्तच नव्याने आखून ती सिस्टिम पुन्हा बांधायला घ्यावी लागली. तुमचा विषय इतका चंचल नसेलही. पण देखभालीला वेगळा वेळ आणि वेगळं माणूस लागतं हे वरिष्ठांना पटवायचं असेल, तर हा दाखला हाताशी असू द्या.

## पायरी 1: पहिले दोन आठवडे कशाला हात लावू नका

नवखा माणूस हातात सिस्टिम आली की डोळ्यांत खुपणारा पहिला नियम दुरुस्त करतो. मीही केला होता. तो नियम विचित्र दिसत होता कारण तो एका विचित्र पण खऱ्या परिस्थितीसाठी लिहिलेला होता, हे मागाहून कळलं.

या दोन आठवड्यांत घरात काय काय सामान आहे ते बघा. ढोबळमानाने चार गोष्टी सापडतील आणि चारही वेगवेगळ्या गतीने म्हाताऱ्या होतात. इंजिन सगळ्यात टिकाऊ. नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये 1985 साली जन्मलेलं क्लिप्स हे रूल इंजिन आजही डाउनलोड करून चालवता येतं. त्यामुळे सिस्टिम जुनी झाली म्हणून इंजिन बदलायला निघालेल्यांपासून जरा सावध राहा. बहुतेक वेळा दुखणं इंजिनात नसतं. दुसरी गोष्ट नियम. तिसरी तथ्यं, म्हणजे दर, मर्यादा, मॉडेलचे आकडे, याद्या. ही सगळ्यात लवकर नासतात. चौथी शब्दसंग्रह: कशाला काय म्हणायचं आणि काय कशाच्या पोटात येतं. तो सहसा हलत नाही, पण हलला की वरचा सगळा डोलारा हलतो.

आता खरं काम. तथ्यं नियमांच्या पोटात दडलेली असतात, ती हुडकून काढा. नियम 47 मधला ‘2’ हा असाच गाडलेला आकडा. जुन्या पंपाचा नेहमीचा दाब 2.5 बार होता आणि त्याच्या 80 टक्क्यांखाली गेला की तुंबलं समजायचं, हा मूळ तज्ज्ञाचा विचार. लिहिणाऱ्याने गुणाकार करून फक्त उत्तर लिहिलं आणि विचार फेकून दिला. दोन आठवडे उलटले की तो परत असा लिहायचा:

जर मोटर चालू असेल
आणि दाब हा त्या मॉडेलच्या नेहमीच्या दाबाच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी असेल...

मॉडेल आणि त्याचा नेहमीचा दाब हे वेगळ्या तक्त्यात. नवा पंप आला की तक्त्यात एक ओळ वाढवायची. 1.8 बारच्या पंपाला मर्यादा आपोआप 1.44 होते. नियमाला कुणी बोटही लावायला नको. तुमच्या नियमांमध्ये उघडेनागडे आकडे किती आहेत ते मोजा. पुढच्या वर्षातली तुमची किती कटकट आधीच लिहून ठेवलेली आहे, ते त्यावरून कळेल.

जाता जाता लॉगमधून एवढंही काढा: गेल्या वर्षभरात कुठला नियम किती वेळा लागू झाला. एकदाही न लागलेले आणि रोज लागणारे, दोन्ही टोकं संशयास्पद असतात. मात्र कधीच न लागलेला नियम निकामीच असेल असं धरून चालू नका. आगीच्या घंटेसारखे काही नियम वर्षानुवर्षं गप्प बसण्यासाठीच असतात.

## पायरी 2: प्रत्येक नियमाला जन्मदाखला द्या

नियमासोबत पुढच्या गोष्टी लिहिलेल्या हव्यात. तो कशावरून आला: कुठलं मॅन्युअल, कुठलं परिपत्रक, कुठल्या तज्ज्ञाचं म्हणणं. कोणी मंजूर केला. कधीपासून लागू. पुन्हा कधी तपासायचा. आणि एका वाक्यात, का.

हे शेवटचं ‘का’ लोक हमखास गाळतात. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण नियम 47 च्या कपाळावर "नेहमीच्या दाबाच्या 80 टक्के, तेव्हाचे सगळे पंप 2.5 बारचे" एवढी ओळ असती तर पंप बदलल्याच्या दिवशीच कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.

‘कशावरून’ हा रकाना किती मोलाचा असतो यासाठी वैद्यकातलं उदाहरण चांगलं आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगविषयक संस्थांनी उच्च रक्तदाबाची व्याख्या 140/90 वरून 130/80 वर आणली. युरोपातल्या संस्थेने 2018 च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्याख्या 140/90 वरच ठेवली. आता तुमच्या सिस्टिममध्ये नुसतं "वरचा आकडा 140 किंवा जास्त असेल तर उच्च रक्तदाब" असं लिहिलेलं असेल, तर तो नियम शिळा आहे की दुसऱ्या शाळेचा आहे? नियम बघून सांगताच येणार नाही. स्रोत लिहिलेला असला तर एका मिनिटाचं काम.

जुन्या सगळ्या नियमांचे दाखले एका दमात करायला बसू नका, तिसऱ्या दिवशी दम लागतो. सगळ्यात जास्त लागू होणारे 20 नियम आधी घ्या. बाकीच्यांना तुम्ही ज्या दिवशी ज्या नियमाला हात लावाल, त्या दिवशी त्याचा दाखला करायचा, अशी सवय लावा. ज्यांचा स्रोत सापडतच नाही त्यांच्यापुढे खुशाल "स्रोत अज्ञात" लिहा. कोरा रकाना आणि "अज्ञात" यात फरक आहे. दुसऱ्यात कुणीतरी शोधून पाहिल्याची खूण असते.

## पायरी 3: खोडू नका, तारीख लावा

जुना नियम बदलला की तो पुसून त्या जागी नवा लिहायचा, हा सहज सुचणारा मार्ग. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे ते बघायला घड्याळासारखं उदाहरण नाही.

जगभरच्या संगणकांत आणि फोनमध्ये कुठल्या प्रदेशाची वेळ कशी मोजायची याची माहिती एका सामायिक डेटाबेसमधून येते. टाइम झोन डेटाबेस म्हणतात त्याला. कुठल्याही देशाचं सरकार घड्याळाचे नियम बदलू शकतं, कधी कधी अगदी ऐन वेळी, आणि मग त्याची नवी आवृत्ती निघते: 2024ए, 2024बी, अशी वर्ष आणि अक्षर मिळून नावं. सामोआ या बेटांच्या देशाने 2011 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय वाररेषेची दुसरी बाजू धरली. तिथे 29 डिसेंबरनंतर थेट 31 डिसेंबर उजाडला. 30 तारीख आलीच नाही. आता डेटाबेसमध्ये सामोआचा जुना नियम पुसून नवा लिहिला असता तर 2010 मधल्या सगळ्या नोंदी एक दिवसाने सरकल्या असत्या. म्हणून तिथे जुना नियमही राहतो, अमुक तारखेपर्यंत या मर्यादेसह, आणि त्याच्या पुढे नवा.

तुमच्याकडेही हेच करा. प्रत्येक नियमाला आणि तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला दोन तारखा: कधीपासून, कधीपर्यंत. आणि सिस्टिमला प्रश्न विचारताना "कुठल्या तारखेच्या ज्ञानानुसार" हेही देता आलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एखाद्याचा अर्ज का नाकारला याची विचारणा आली, की त्या दिवशीचे नियम जसेच्या तसे चालवून दाखवता येतात. गिटमध्ये, म्हणजे फाइलींचे बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, इतिहास असतोच की, असं कुणी म्हणेल. असतो. पण गिट सांगतं तुम्ही फाइल कधी बदललीत. नियम प्रत्यक्षात कधीपासून लागू झाला ते वेगळं. परिपत्रक 1 तारखेपासून लागू आणि तुम्ही फाइल बदलली 9 तारखेला, तर मधल्या आठ दिवसांचं उत्तर गिटला विचारून मिळणार नाही.

## पायरी 4: केसेस जमवा, त्याच तुमची ढाल

सगळ्या पायऱ्यांमधली एकच करायला वेळ असेल तर ही करा.

केस म्हणजे प्रत्यक्षात घडलेला एक प्रसंग: आत काय माहिती गेली आणि तज्ज्ञाच्या मते बरोबर उत्तर काय. नियम बदलला की सगळ्या केसेस पुन्हा चालवायच्या आणि कुठलं उत्तर बदललं ते बघायचं. प्रोग्रामर याला रिग्रेशन टेस्ट म्हणतात. इथे तिचं महत्त्व जास्त, कारण कोड वाचून जितकं कळतं तितकं नियम वाचून कळत नाही. एक नियम दुसऱ्याशी कुठे जाऊन भिडेल ते चालवल्याशिवाय दिसत नाही.

या विचाराला सिडनीत वेगळंच वळण मिळालं. तिथल्या गारवन या वैद्यकीय संशोधन संस्थेत 1980च्या दशकात थायरॉइडच्या तपासण्यांवर शेरा लिहिणारी गारवन-ईएस1 नावाची एक्स्पर्ट सिस्टिम (तज्ज्ञासारखे निष्कर्ष काढणारी सिस्टिम) रोजच्या वापरात होती. ती सांभाळणाऱ्या पॉल कॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की सिस्टिम सुरुवातीपासूनच बऱ्यापैकी बरोबर होती, पण उरलेल्या थोड्या चुका काढता काढता नियमांचा पसारा साधारण दुप्पट झाला. प्रत्येक दुरुस्ती आधीच्यापेक्षा अवघड. आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली, आणि ती मला सोन्यासारखी वाटते: तज्ज्ञाला तुम्ही कसं ठरवता असं विचारलं तर तो कसं ठरवतो ते सांगत नाही. तो समोरचं उत्तर बरोबर का आहे याचं समर्थन देतो. आणि ते समर्थन समोरच्या प्रसंगापुरतं असतं. दुसरा प्रसंग ठेवा, समर्थन बदलतं.

यातून रिपल-डाउन रूल्स ही पद्धत निघाली. मूळ नियमाला हात लावायचाच नाही. तो जिथे चुकला त्या केसमध्ये तज्ज्ञाला विचारायचं, "ही केस आणि ज्या केसमुळे हा नियम लिहिला ती केस, यात फरक काय?" तो फरक अपवाद म्हणून मूळ नियमाखाली जोडायचा आणि ही केस त्या अपवादासोबत कायमची ठेवायची. पुढे 1990च्या दशकाच्या पूर्वार्धात सिडनीतल्याच सेंट व्हिन्सेंट्स हॉस्पिटलमध्ये पीअर्स नावाची सिस्टिम याच पद्धतीने वाढली. दोन हजारांहून जास्त नियम तिथल्या पॅथॉलॉजिस्टने स्वतः घातले, आपली रोजची कामं सांभाळून. मधे प्रोग्रामर नाही.

आमच्या पंपांवर हे कसं दिसलं ते सांगतो. 80 टक्क्यांचा नवा नियम सुखाने चालू होता. मग काही पंपांना वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह बसवले आणि रात्री गाळणी तुंबल्याच्या सूचना पुन्हा सुरू झाल्या. तज्ज्ञ म्हणजे आमचे एक जुने मेंटेनन्सवाले काका. त्यांना "नियमात काय सुधारू?" असं विचारलं असतं तर तासभर पंपशास्त्र ऐकायला मिळालं असतं. त्याऐवजी दोन नोंदी शेजारी ठेवल्या. एक खरी तुंबलेली, एक कालच्या रात्रीची. काकांनी अर्ध्या मिनिटात बोट ठेवलं, "अरे, याचा वेग बघ ना. 80 टक्क्यांवर चाललाय." पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग 80 टक्के झाला की दाब साधारण 64 टक्क्यांवर येणारच. 1.8 बारचा पंप 1.15 बार दाखवतोय आणि त्याची तब्येत उत्तम आहे. नियमाखाली अपवाद गेला: वेग पूर्ण नसेल तर अपेक्षित दाब वेगाच्या वर्गाने कमी करून मग तुलना करा. त्या रात्रीची नोंद केस म्हणून शेजारी चिकटवली.

केसेस किती हव्यात? मोठा आकडा मनात धरून अडून बसू नका. प्रत्येक महत्त्वाच्या नियमामागे एक लागू होणारी आणि एक जेमतेम लागू न होणारी, एवढ्याने सुरुवात होते. दुसरी जास्त मोलाची. खऱ्या माणसांची माहिती असेल तर नाव-गाव काढूनच साठवा. आणि हो, केसेससुद्धा शिळ्या होतात. ज्ञान बदललं की काही केसेसची ‘बरोबर उत्तरं’ चुकीची ठरतात, त्यांनाही तारीख लावावी लागते.

## पायरी 5: बदलाची खबर येईल अशी सोय करा

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी अवस्था बहुतेक नॉलेज बेसची असते, कारण बाहेर काही बदललं हे सिस्टिम सांभाळणाऱ्याला सांगायची जबाबदारी कुणाचीच नसते. आमच्याकडे पंप बदलणाऱ्यांना असली काही सिस्टिम आहे हेच माहीत नव्हतं.

बाहेरच्या स्रोतांचं सोपं आहे. जन्मदाखल्यात स्रोत लिहिले असतील तर त्यांची यादी आपोआप तयार होते. कुठला स्रोत कधी बदलतो ते बघून कॅलेंडरमध्ये टाका. संस्थेच्या आतल्या बदलांसाठी खरेदी, देखभाल, धोरण ठरवणारे, अशा माणसांशी ओळख ठेवावी लागते. याला तांत्रिक उपाय नाही. चहा प्यावा लागतो.

सगळ्यात प्रामाणिक खबर मात्र वापरणाऱ्यांकडून येते, आणि तीही तोंडी नाही. सिस्टिमने एक सांगितलं आणि माणसाने दुसरंच केलं, ही नोंद धरून ठेवा. "सल्ला मानला नाही" असं एक बटण, सोबत कारणाला एक ओळ, ऐच्छिक. सक्तीची केलीत तर लोक तिथे टिंब टाकतात. दर आठवड्याला, कुठला नियम सर्वांत जास्त वेळा डावलला गेला, एवढं बघा. नियम 47 रोज डावलला जात होता. आम्ही मोजत नव्हतो.

## पायरी 6: बदल करताना

एका वेळी एकच बदल, आणि बदलण्याआधी केस. म्हणजे जी केस आज चुकतेय ती आधी टेस्टमध्ये घाला, ती लाल, म्हणजे नापास, दिसू द्या, मग नियमाला हात लावा. नंतर सगळ्या केसेस चालवा.

त्याशिवाय नियमांचा आपसातला मेळ तपासायचा असतो. हे काम 1980च्या दशकापासून लोक यंत्राकडून करून घेत आले आहेत आणि तुमच्या इंजिनसोबत अशी काही सोय असेल तर जरूर वापरा. काय शोधायचं? दोन नियम, अटी त्याच, निष्कर्ष उलट: हा विरोध. एका नियमाच्या अटी दुसऱ्याच्या पोटात पूर्ण मावतात आणि निष्कर्ष तोच: मग दुसरा फुकट. अ वरून ब, ब वरून क, आणि क वरून पुन्हा अ: हे चक्र. आणि पोकळ्या, म्हणजे ज्या परिस्थितीला कुठलाच नियम नाही. सीमेवरचे आकडे इथे फार फसवतात. एक नियम "18 पेक्षा कमी" आणि दुसरा "18 पेक्षा जास्त" म्हणत असेल, तर बरोबर 18 वाल्याने कुठे जायचं?

विरोध दिसला की नवख्यांचा हात प्राधान्यक्रमाकडे जातो. बहुतेक रूल इंजिनमध्ये नियमाला वजन देता येतं, जास्त वजनाचा आधी. "याला 100 देतो, प्रश्न मिटला." मिटत नाही, गालिच्याखाली जातो. सहा महिन्यांनी कुणीतरी 110 देतो, मग 200, आणि एक दिवस 9999 सापडतो. दोन नियम भांडत असतील तर एकाच्या अटींमध्ये काहीतरी लिहायचं राहून गेलंय. ते शोधा.

बदलाला दोन माणसांनी होकार द्यावा: विषय जाणणारा आणि सिस्टिम जाणणारा. विषय जाणणाऱ्याला नियमाची फाइल दाखवू नका, तो मान डोलावेल. त्याला उत्तरं बदललेल्या केसेस दाखवा.

## पायरी 7: शब्द बदलतात तेव्हा

24 ऑगस्ट 2006 रोजी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. प्लूटो आकाशात होता तिथेच राहिला. पण "ग्रहांची संख्या", "सर्वांत लहान ग्रह", "ग्रह असेल तर..." असे सगळे नियम एका दुपारी बदलले.

असं झालं की जुन्या शब्दाचा ओळखक्रमांक नव्या अर्थासाठी कधीही वापरू नका. वैद्यकीय संज्ञांचा स्नोमेड सीटी हा प्रचंड कोश हेच पाळतो: संज्ञा कालबाह्य झाली की ती निष्क्रिय करतात, पुसत नाहीत, आणि तिचा क्रमांक दुसऱ्या कुणाला देत नाहीत. शक्य तिथे जुनीकडून नवीकडे बोट दाखवून ठेवतात. तुमच्या पन्नास शब्दांच्या यादीलाही ही शिस्त परवडते.

## पायरी 8: नवी आवृत्ती लोकांसाठी सोडताना

नवे नियम थेट लोकांसमोर आणण्याआधी काही दिवस सावलीत चालवा. खरी माहिती दोन्हींकडे जाऊ द्या, जुन्या नियमांचं उत्तर लोकांना दिसेल, नव्यांचं फक्त लॉगमध्ये. दोन्ही उत्तरं जिथे वेगळी आली तेवढीच वाचा. फरक अपेक्षेइतके आणि अपेक्षित जागी असतील तर लोकांसाठी सोडा. एकही फरक आला नाही तर आनंद मानू नका, बदल बहुधा लागूच झालेला नाही.

प्रत्येक उत्तरावर नॉलेज बेसच्या आवृत्तीचा क्रमांक छापला गेला पाहिजे, आणि मागची आवृत्ती एका कमांडने परत आणता आली पाहिजे. ती कमांड शांततेच्या दिवशी एकदा चालवून बघा.

## तुमच्याकडे नियम नसून कागदपत्रं असतील तर

आजकाल ज्ञान नियमांत न लिहिता कागदपत्रांचा ढीग तसाच ठेवतात, प्रश्नाशी जुळणारे तुकडे शोधतात आणि भाषेचं मॉडेल त्यावरून उत्तर लिहितं. 2020 पासून रॅग (रिट्रीव्हल-ऑगमेंटेड जनरेशन) या नावाने ही पद्धत रूढ झाली. नियम नाहीत म्हणजे देखभाल नाही, असा गोड गैरसमज तिच्यासोबत आला.

वरची जवळपास प्रत्येक पायरी इथेही लागते, फक्त दुखण्याचं ठिकाण बदलतं. सगळ्यात नेहमीचं दुखणं हे: नवं परिपत्रक घातलं, जुनं काढलं नाही. शोधणाऱ्याला दोन्ही सारखीच जवळची वाटतात, कारण मजकूर नव्वद टक्के तोच. उत्तरात कधी हे येतं, कधी ते. म्हणून प्रत्येक तुकड्यासोबत मूळ कागद, लागू तारीख आणि बाद तारीख ठेवा आणि बाद झालेले तुकडे शोधातूनच गाळा. मॉडेलला "नवीन माहिती वापर" अशी विनवणी करून भागत नाही. मूळ फाइल पुसली तरी तिचे तुकडे इंडेक्समध्ये, म्हणजे शोधासाठी बनवलेल्या साठ्यात, उरलेले असू शकतात, तेही तपासा.

मजकुराचे आकडे करणारं एम्बेडिंग मॉडेल बदललंत तर सगळी कागदपत्रं पुन्हा त्यातून काढावी लागतात. अर्धी जुन्या मॉडेलची आणि अर्धी नव्याची एकत्र ठेवली तर तुलनेला अर्थ राहत नाही, आणि गंमत म्हणजे तरीही एरर येईलच असं नाही. केसेस इथे प्रश्नांच्या रूपात ठेवा: प्रश्न, अपेक्षित उत्तर, आणि ते कुठल्या कागदातून यायला हवं. तिसरा भाग विसरू नका, कारण चुकीच्या कागदावरून बरोबर उत्तर आलेलं असू शकतं आणि ते पुढच्या महिन्यात चुकेल. मुद्दाम काही प्रश्न असेही ठेवा ज्यांचं उत्तर तुमच्या ढिगात नाहीच. सिस्टिम तिथे "माहिती नाही" म्हणते का ते बघा.

## वेळ कुठून काढायचा

आठवड्याला दोन तास राखून ठेवलेत तर लहान नॉलेज बेस नीट सांभाळता येतो, असा माझा अनुभव. पहिला अर्धा तास डावललेल्या सल्ल्यांना, दुसरा तपासणीची तारीख उलटलेल्या नियमांना, उरलेला एका बदलाला. तपासलेला नियम बरोबरच निघाला तरी "तपासला, बदल नाही" अशी तारखेसह नोंद करा, नाहीतर पुढच्या वेळी तोच नियम पुन्हा हातात येईल.

महिन्यातून एकदा तज्ज्ञासोबत बसा. प्रश्न घेऊन जाऊ नका, दोन-तीन फसलेल्या केसेस घेऊन जा. आणि तो तज्ज्ञ निवृत्तीला आला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी "स्रोत अज्ञात" लिहिलेल्या नियमांची यादी त्याच्यासमोर ठेवा. त्यातल्या निम्म्यांचा स्रोत बहुतेक तोच असतो.